नाव बदललं, कोड तोच: नगरच्या निमित्ताने मार्कअपचा इतिहास

२०२५ साली अहमदनगर रेल्वे स्थानकाचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. नाव बदललं तरी रेल्वेने एक गोष्ट तशीच ठेवली, ती म्हणजे स्थानकाचा कोड. तो आधीही एएनजी होता आणि आताही एएनजीच आहे. त्याच वर्षी औरंगाबाद स्थानकाचं छत्रपती संभाजीनगर झालं, तिथे मात्र एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आला.

आपल्या धंद्यातल्या माणसाचे कान इथे टवकारणार. नाव हे लेबल, कोड ही ओळख. लेबल बदलतं, ओळख शक्यतो बदलू नये. डेटाबेसच्या पहिल्या तासाला शिकवतात तेच. जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा मे २०२३ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्मगावी, चौंडीला झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी आली. नाव बदलावं की नाही या वादात मला शिरायचं नाहीये, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला पडलेला प्रश्न अगदी हमाली स्वरूपाचा आहे. ज्या हजारो मराठी वेबपानांवर "अहमदनगर" लिहिलेलं होतं, त्यांचं काय झालं? आणि काही ठिकाणी हे काम पाच मिनिटांत झालं, तर काही ठिकाणी अजून चाललंय, असं का?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर "मार्कअप". पण या शब्दाचा इतिहास मोठा मजेशीर आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मराठीतच घडलाय. म्हणून हा लेख.

पोथीतला लाल रंग

मार्कअप म्हणजे मजकुराबद्दलच्या खुणा. मजकूर वेगळा, खुणा वेगळ्या. ही कल्पना कॉम्प्युटरची नाहीच मुळी.

नगर जिल्ह्यातलं नेवासं घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, इथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. पुढची कित्येक शतकं ती हाताने नकलून काढली गेली. जुनी पोथी कधी पाहिली असेल तर आठवून बघा. अक्षरं सलग, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. मग वाचणाऱ्याला कसं कळायचं कुठे काय आहे ते? ओवी संपली की दोन दंड आणि मध्ये आकडा. अध्यायाच्या शेवटी समाप्तीचं ठरलेलं वाक्य. आणि अशा खुणांना अनेकदा वेगळा रंग, लाल शाईचा नाहीतर गेरूचा. हा पोथीचा मार्कअप. लाल रंग शोभेसाठी नव्हता, "इथे मूळ मजकूर नाही, मजकुराबद्दलची माहिती आहे" हे सांगायला होता.

हे वेगळेपण पाळलं नाही की काय होतं? नकलणारा समासात काही टीप लिहितो. पुढचा नकलणारा ती मजकुरातच घुसवतो. दोनतीनशे वर्षांनी मूळ कुठलं आणि भर कुठली हे कळेनासं होतं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना बसून निरनिराळ्या प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करावी लागली. आपल्या भाषेत सांगायचं तर मराठीतला हा पहिला मोठा डेटा क्लीनअप प्रोजेक्ट, आणि तोही एकट्याने केलेला :)

मग छपाई आली. नगरला अमेरिकन मिशनने १८४२ साली "ज्ञानोदय" हे नियतकालिक सुरू केलं. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी असतो. त्याच्याकडे जाणाऱ्या हस्तलिखितावर संपादक खुणा करून द्यायचा की हा मथळा, हा मोठ्या टायपात घ्या, इथून नवा परिच्छेद. छापखान्याच्या जगात या खुणा करण्यालाच इंग्रजीत मार्कअप म्हणत. लेखकाने काय लिहिलं ते एक, छापताना ते कसं दिसावं ते दुसरं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी हीच कल्पना कॉम्प्युटरवर आली. १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी मुद्रकांच्या एका बैठकीत मांडलं की मजकूर आणि त्याचं रूप वेगवेगळं साठवा. १९६९ पासून आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी त्यातून जीएमएल नावाची भाषा बांधली (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं बघा!). त्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं, आणि त्याच घराण्यात १९९१ च्या सुमारास टिम बर्नर्स-ली यांची एचटीएमएल जन्मली. सुरुवातीला तिच्यात जेमतेम दीड डझन टॅग होते. मथळा, परिच्छेद, यादी, दुवा. रंग नाही, फॉन्ट नाही. पोथीच्या लाल खुणांइतकीच साधी.

फॉन्ट टॅग हीच लिपी

मग नव्वदच्या दशकात ब्राउझरांचं युद्ध पेटलं आणि दिसण्याचे टॅग घुसले. फॉन्ट टॅग, सेंटर टॅग, आणि पानाची मांडणी करायला टेबलात टेबल. जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ ने फॉन्ट टॅगला अधिकृत जागाही दिली. त्याच्या एकच महिना आधी, डिसेंबर १९९६ मध्ये, सीएसएसचं पहिलं प्रमाण आलं होतं, ज्याचा उद्देशच दिसणं बाहेर काढणं हा होता. १९९७ च्या अखेरीस आलेल्या एचटीएमएल ४ ने फॉन्ट टॅग वापरू नका असं सांगून टाकलं.

जगाच्या वेब इतिहासात ही गोष्ट "सुंदर विरुद्ध शुद्ध" अशी सांगितली जाते. मराठीत ती तशी नव्हतीच, आणि हे मला जुनी मराठी पानं उघडून बघेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

त्या काळात वेबवर मराठी लिहायची म्हणजे शिवाजी, किरण किंवा तत्सम फॉन्ट वापरायचे. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाईलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट टॅग काढला की पानावर उरायचं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. म्हणजे इंग्रजी पानासाठी फॉन्ट टॅग ही रंगरंगोटी होती, मराठी पानासाठी तीच लिपी होती. "दिसणं मजकुरापासून वेगळं करा" हा उपदेश मराठी वेबमास्तरला पाळणंच शक्य नव्हतं. दिसणं काढलं तर मराठीच जायची!

त्यात प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. एका वर्तमानपत्राच्या साईटसाठी एक फॉन्ट, दुसऱ्यासाठी दुसरा. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यायला लागू नये म्हणून "डायनॅमिक फॉन्ट" आले, पण तिथेही मायक्रोसॉफ्टचा प्रकार इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचा आणि बिटस्ट्रीमचा नेटस्केपमध्ये. शोधायचं तर विचारूच नका. सर्च इंजिनला त्या पानांत "अहमदनगर" दिसायचंच नाही, कारण तो शब्द तिथे नव्हताच. होती ती फक्त त्याची चित्राकृती.

गंमत म्हणजे यावरचं उत्तर बऱ्यापैकी आधीपासून तयार होतं. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण होतं. १९८८ च्या इस्कीवरच युनिकोडमधली देवनागरीची मांडणी बेतलेली आहे, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. म्हणजे एचटीएमएल आणि युनिकोड जवळपास एकाच वयाचे. पण सामान्य माणसाच्या मशीनवर देवनागरी युनिकोड नीट दिसायला विंडोज २००० उजाडावं लागलं. एक्सपीमध्येही कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, सीडी घालून, वेगळं सुरू करावं लागायचं. मी तेव्हा बालवाडीत असेन, पण त्या काळच्या मदतपानांवर "चौकोन दिसत असतील तर हे करा" अशा पायऱ्या अजून सापडतात.

साच्यांचं युग

युनिकोडने मराठी फॉन्टच्या तावडीतून सुटली आणि मगच मराठी पानाला मजकूर आणि रूप वेगळं ठेवणं परवडायला लागलं. नेमक्या त्याच काळात सीएमएस आले. द्रुपल २००१ चं, वर्डप्रेस २००३ चं, जूमला २००५ चं. मजकूर डेटाबेसमध्ये, साचा टेम्प्लेट फाईलमध्ये, सजावट सीएसएसमध्ये.

मराठीला हे फार लवकर मानवलं. मायबोली १९९६ पासून होतीच. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, मनोगत २००४ मध्ये, उपक्रम आणि मिसळपाव २००७ मध्ये. या नंतरच्या मराठी स्थळांपैकी बरीच द्रुपलवर चालायची. न्याहाळक, संकेतस्थळ, टंक, दुवा असे शब्द त्याच वर्षांत घासूनपुसून चलनात आले.

पण साच्यांच्या आतलं एचटीएमएल? ते अजून टेबलांतच अडकलेलं होतं. जूमलाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या मजकूर टेबलात गुंडाळून बाहेर टाकायच्या, आणि तुम्ही टेम्प्लेट कितीही छान लिहा, आतलं टेबल काही हलायचं नाही. जानेवारी २००८ च्या जूमला १.५ मध्ये "टेम्प्लेट ओव्हरराइड" आलं, म्हणजे मूळ कोडला हात न लावता आपल्या साच्यात ते आउटपुट बदलता यायला लागलं. सोबत बीझ नावाचं टेबलविरहित नमुना टेम्प्लेटही दिलं होतं. ही सोय दिसायला किरकोळ आहे, पण प्रमाण पाळणं लेखकाच्या हातात आलं ते इथे.

दरम्यान प्रमाणांच्या दुनियेत भाऊबंदकी चालू होती. डब्ल्यूथ्रीसीला एक्सएचटीएमएलची कडक शिस्त हवी होती, इतकी की पुढच्या आवृत्तीत जुन्या पानांशी जुळण्याचीही फिकीर नव्हती. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी. त्यांची पद्धत मला फार आवडते. २००५ मध्ये गूगलच्या इयन हिक्सन यांनी एक अब्जाहून जास्त पानं तपासून लोक क्लासला काय नावं देतात ते मोजलं. वर आलेली नावं होती फुटर, मेन्यू, हेडर, नॅव्ह वगैरे. लोक आपणहून जे शब्द वापरत होते त्यातलेच काही पुढे एचटीएमएल ५ मध्ये टॅग झाले. लोकांच्या तोंडची भाषा आधी, व्याकरण नंतर. एक्सएचटीएमएल २ चा प्रकल्प २००९ मध्ये गुंडाळला गेला, आणि एचटीएमएल ५ ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत शिफारस झाली.

सीएमएसवाले तोवर थांबले नाहीत. वर्डप्रेसच्या २०१० च्या ट्वेंटी टेन थीमनेच एचटीएमएल ५ ची घोषणा-ओळ वापरली होती. द्रुपल जरा उशिरा, २०१५ च्या आठव्या आवृत्तीत पूर्ण आलं. सरकारी पातळीवर २००९ मध्ये भारत सरकारच्या वेबसाईटसाठी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यात प्रमाण एचटीएमएल आणि सुगम्यता, म्हणजे अंध व्यक्तीलाही साईट वापरता यावी, हे मुद्दे आले. आज जिल्ह्यांच्या सरकारी साईट एनआयसीच्या एका सामाईक व्यवस्थेवर, तयार साच्यांवर चालतात. त्यामुळे शीर्षपट्टीतलं जिल्ह्याचं नाव बदलणं हे तिथे एका जागेचं काम.

आता खरी परीक्षा

मग घोडं अडतं कुठे? शीर्षपट्टीच्या खाली.

गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका संस्थेची जुनी साईट नव्या साच्यावर न्यायला मी काही शनिवार-रविवार मदत केली. आधीच्या कोणीतरी नामांतर आल्याबरोबर सगळ्या डेटाबेसवर "शोधा आणि बदला" चालवलेलं होतं. परिणाम असा: "१४९० साली अहमद निजामशहाने अहिल्यानगर शहर वसवले." अहिल्यादेवींचा जन्म १७२५ चा! १९४७ साली स्थापन झालेल्या अहमदनगर कॉलेजचंही परस्पर नामांतर झालेलं. जुन्या पुस्तकांच्या यादीत तर पुस्तकांची नावंच बदललेली. १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर त्या यादीत नव्या नावाने उभं होतं. तसं कुठलंही पुस्तक कधी छापलंच गेलेलं नाही.

पोथीतल्या नकलकाराने टीप मजकुरात घुसवली होती, इथे एका कमांडने तेच केलं. फरक वेगाचा. नकलकाराला एक प्रत बिघडवायला महिने लागायचे, आपल्याला तीन सेकंद पुरतात. आणि एकनाथ महाराज सगळीकडे मिळत नाहीत.

खरं म्हणजे त्या साईटवर "अहमदनगर" या एका शब्दाचे चार वेगळे अर्थ होते. एक, आजच्या जिल्ह्याचं नाव, जे बदलायलाच हवं. दोन, इतिहासातलं त्या काळचं नाव, जे बदललं तर वाक्य खोटं होतं. तीन, संस्थेचं किंवा पुस्तकाचं विशेषनाम, जे त्या संस्थेने बदलल्याशिवाय आपण बदलायचं नाही. चार, पत्ता, जो पिनकोडवर चालतो. डोळ्यांना चारही सारखे दिसतात. म्हणूनच ते मशीनला सांगून ठेवावं लागतं.

आम्ही केलं ते असं. आजचं नाव एका सेटिंगमध्ये ठेवलं, साचा तिथूनच उचलतो. पुस्तकांची नावं वेगळ्या रकान्यात गेली आणि पानावर ती "साइट" टॅगमध्ये येतात, जो ग्रंथनामांसाठीच आहे. तारखांना "टाइम" टॅग लावला. ठिकाणाच्या माहितीला स्कीमा डॉट ऑर्गची शब्दावली वापरली. २०११ मध्ये गूगल, याहू आणि बिंग यांनी मिळून काढलेली ही सोय, आणि तिच्यात "पर्यायी नाव" असा सरळ रकाना आहे. अहमदनगर तिथे गेलं. कारण लोक अजून वर्षानुवर्षं जुन्या नावाने शोधणार, आणि शोधणाऱ्याला पान सापडायला हवं. ओळखीसाठी २०११ च्या जनगणनेतला जिल्ह्याचा कोड वापरला, ५२२. रेल्वेचा एएनजी तसा आपला ५२२.

जुने वेबपत्ते तोडले नाहीत, नव्यांकडे कायमचे वळवले. चांगले पत्ते बदलत नसतात, असं बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. पंचायत समितीच्या कागदावर, एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेत छापलेला दुवा आपण परत जाऊन दुरुस्त करू शकत नाही.

ल, श आणि एक छोटा ॲट्रिब्यूट

एक शेवटचा मुद्दा, कारण तो जवळजवळ प्रत्येक मराठी साईटवर चुकलेला दिसतो. साच्याच्या पहिल्याच ओळीत पानाची भाषा सांगायची असते. बाजारातून आणलेल्या टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीचा कोड पक्का लिहिलेला असतो, आणि खाली सगळा मजकूर मराठी.

काय बिघडतं? एक तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला मराठी इंग्रजी यंत्राच्या तोंडून ऐकावी लागते, किंवा ऐकूच येत नाही. दुसरं म्हणजे, मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे आहेत. राज्य सरकारच्या २००९ च्या आणि नंतर नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयांनी मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवून दिलंय. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांच्या ल ला एकच क्रमांक आहे. ज्या फॉन्टांत सोय आहे ते भाषेचा कोड वाचतात आणि "मराठी" दिसलं की मराठी वळण काढतात. एवढ्या एका शब्दावर तुमचं पान मराठी वळणाचं की हिंदी वळणाचं हे ठरतं. वर्डप्रेसमध्ये साईटची भाषा मराठी निवडली आणि थीम नीट लिहिलेली असली, तर तो कोड आपोआप येतो. बदललेलं रूप मजकुरात नाही, खुणेत आहे. पुन्हा पोथीचाच लाल रंग!

तसंच इंग्रजी साच्यातून आलेलं अक्षरांमधलं जादा अंतर देवनागरीची शिरोरेषा तोडतं आणि कमी ठेवलेली ओळींची उंची वेलांट्या कापते. हे दोन्ही सीएसएसमध्ये एकेका ओळीत काढून टाकता येतं. आणि ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं, त्याआधीच्या मजकुरात ते अ वर चंद्र देऊन लिहिलेलं असतं. दिसायला एक, शोधायला दोन. जुनी साईट हलवताना हे एकदा सरळ करून घ्या.

असो. हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पान दिसतंय ना! दिसतंय खरं. शिवाजी फॉन्टची पानंही त्या काळी छान दिसायची. आज ती उघडली की कडबोळं दिसतं, आणि त्यातला मजकूर सोडवायला कन्व्हर्टर शोधत बसावं लागतं. आजची पानं वीस वर्षांनी कोणी उघडेल तेव्हा त्याला १४९० मधलं अहमदनगर आणि २०२४ नंतरचं अहिल्यानगर दोन्ही आपापल्या जागी सापडायला हवीत, इतकंच मागणं आहे.

बाकी जिल्ह्यातली माणसं पूर्वी "नगर" म्हणायची, अजूनही "नगर"च म्हणतात. "पर्यायी नाव" या रकान्यात एकाहून जास्त नावं चालतात. तेही आम्ही तिथे घातलंय.